बहीण गावात आहे तोवर

ता. २ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

तुझा नवरा काल रेडिओवर बोलताना दोनदा खोकला. देशाला वाटलं असेल, भावनेनं गळा दाटून आला. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, तेव्हापासून मी त्याला वाढवलंय. दाटलेला गळा कुठला आणि भरलेली छाती कुठली, ते मला कळतं. त्याला गरम पाण्याची वाफ दे. ऐकणार नाही, मग माझं नाव सांग.

इकडे दुकान चालू आहे. युद्ध आलं म्हणून माणसांच्या डोळ्यांचे नंबर वाढायचे थांबत नाहीत. आघाडीवरच्या मुलांची पत्रं वाचता यावीत म्हणून म्हाताऱ्या बायका येतात आणि म्हणतात, "ताई, जरा जोरदार काच द्या." नव्या काचा मिळत नाहीत. गेलेल्या माणसांचे चष्मे घरोघरी पडून आहेत, ते मागवते आणि काचा घासून जिवंतांना बसवते. हसू नकोस. चांगलं दिसतं त्यांतून.

परवा तुमच्याकडचा एक सचिव मोटार घेऊन आला. म्हणाला, "मास्तरांनी सांगितलेलं नाही, पण आम्हाला वाटतं तुम्ही राजधानीत चलावं." मी विचारलं, "सगळ्या वस्तीपुरत्या मोटारी आणल्यात का?" तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. तोवर अख्खी गल्ली जमली होती. मोटार रिकामी परत गेली, तेव्हा समोरच्या न्हाव्यानं बांधून ठेवलेली गाठोडी सोडली. शेजारच्या घड्याळजीची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "मास्तरांची बहीण गावात आहे तोवर गावाला भीती नाही." आता ती म्हणच झालीय. माझं आणि घड्याळजीचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे. तो बोलायला महाकंजूष, ती त्याच्या वाटचंही बोलते. त्यांच्या दोन्ही मुली माझ्याच काउंटरखाली खेळून मोठ्या झाल्या.

सगळा देश धाकट्याला मास्तर म्हणतो. म्हणू दे बापडा. भूगोल शिकवायचा तेव्हा वर्गातली पोरंसुद्धा त्याचं ऐकत नव्हती.

तुझी,
ताई


ता. १९ डिसेंबर

तीर्थरूप ताईंस नमस्कार.

तुमचं नाव सांगितल्याबरोबर ह्यांनी वाफ घेतली. टॉवेलखालून म्हणाले, "सेनापती माझं ऐकत नाहीत आणि मी ताईचं ऐकतो. असा कारभार आहे." कितीतरी दिवसांनी हसले.

इथे घराचं घरपण राहिलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय, त्यामुळे आम्ही स्वयंपाकघरात जेवतो, ड्रायव्हर आणि पहारेकऱ्यांच्या मांडीला मांडी लावून. हे बूट घालूनच कोचावर पडतात. जुनं सरकार विमानात बसून पळालं, त्या सकाळी हे एकटेच नेहमीसारखे आपल्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेले. म्हणून देश ह्यांच्या गळ्यात पडला. लोकांना वाटतं, केवढं धैर्य. मला म्हणाले होते, "अगं, मला कोणी सांगितलंच नाही की पळायचंय."

पण लोकांचा जीव आहे ह्यांच्यावर. पावाच्या रांगेतल्या बायका मोटार थांबवून विचारतात, "मास्तर, जेवलात का?" आधी हे मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या आईला स्वतः पत्र लिहायचे. आता छापलेल्या कागदावर नुसती सही करतात. सही करताना मी खोलीत आलेली आवडत नाही.

तुमच्या मोटारीचं कळलं. मला वाटलं होतं, हेच तुम्हाला बोलावतील. म्हणाले, "ताई हलली तर गाव हलेल. रस्ते माणसांनी भरले तर सैन्य मागं कसं येणार? राहू दे तिला तिथं." ते खरंच असेल. मला आवडलं नाही, एवढं तुम्हाला लिहून ठेवते. शत्रूनं दुसरी नदी ओलांडलीय. काल हे तुमच्या खोऱ्यावर बोट ठेवून बसले होते. मी चहा घेऊन आले, तसं बोट उचललं.

आपली,
धाकटी


ता. ८ जानेवारी

ती. ताईंस नमस्कार.

घाईत लिहितेय. माझ्या पोटात गाठ निघालीय. डॉक्टर म्हणतात, लगेच ऑपरेशन करावं लागेल. ह्यांना मी काही सांगितलेलं नाही, त्यांना आधीच काय कमी आहे? माझ्या माहेरचं कोणी उरलं नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. जवळ कोणीतरी बाईमाणूस हवं.

गुरुवारच्या गाडीनं निघा. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. पत्र आणणाऱ्या माणसाकडे तिकीट दिलंय. गावात फार गवगवा करू नका, नाहीतर वर्तमानपत्रात येईल आणि ह्यांना तिथून कळेल.

ताई, कधी काही मागितलं नाही. एवढं ऐका.

धाकटी


ता. २७ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद लिहीत नाही.

हे पत्र वरच्या शाळेतून लिहितेय. खालची वस्ती अजून पाण्याखाली आहे. दवाखाना, स्टेशन आणि ही शाळा उंचावर होती, म्हणून राहिली.

तुझ्या उशाशी बसून मी तुला विचारलं, कुठं दुखतंय? तू पोटावर बोट ठेवून दाखवलंस. मी शेक दिला. धाकटा संध्याकाळी घरी आला, मला बघून दारातच थबकला. "ताई, तू कधी आलीस?" मी म्हटलं, "आधी जेव, मग चौकशी कर." किती दिवसांचा उपाशी असल्यासारखा जेवला. दोनदा मागून घेतलं. मला बरं वाटलं. मग हात पुसून नकाशाच्या खोलीत गेला. आणि पहाटे त्याच्या सैन्यानं आमच्या खोऱ्याच्या वरचा बांध फोडला.

सकाळी रेडिओ म्हणाला, शत्रूचे रणगाडे खोऱ्यात बुडाले, राजधानी वाचली. रस्त्यावर माणसं नाचत होती. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू पांघरुणात तोंड लपवलंस. तेव्हा मला कळलं की गाठबीठ काही नाही.

आता इथलं ऐक. पाण्यातून काढलेली माणसं शाळेच्या व्हरांड्यात ओळीनं ठेवतात. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या माणसाचा चेहरा राहत नाही. ज्यांच्या नाकावर किंवा खिशात चष्मा सापडतो, त्यांच्यासाठी मला बोलावतात. माझ्या हातची काच मला ओळखू येते. मी नाव सांगते, कारकून लिहून घेतो. ज्यांना चष्मा नव्हता, ते तसेच जातात.

घड्याळजी त्या पहाटे स्टेशनचं घड्याळ दुरुस्त करायला वर गेला होता. बायको आणि दोन्ही मुली घरात होत्या. तिघी सापडल्या. मुलींनी एकमेकींना धरलं होतं, सोडवता आलं नाही.

मी निघाले त्या दिवशी त्याच्या बायकोनंच माझी पेटी उचलली. माझे गुडघे दुखतात, गाडी चुकली असती. ती पेटी डोक्यावर घेऊन पुढं पळाली आणि गार्डला बोलण्यात गुंतवून ठेवलं. घड्याळजीनं डब्याच्या खिडकीशी येऊन विचारलं, "ताई, काही आहे का? असलं तर सांगा, आम्हीपण निघतो." मी म्हटलं, "काही नाही रे. भावजयीचं ऑपरेशन आहे. असतं काही तर माझ्या भावानं मला सांगितलं नसतं का?"

हे मी म्हटलं, माझ्या तोंडानं. आणि ते थांबले.

तू मला बोलावलंस, ते धाकट्याला माहीत होतं का? हो की नाही, एवढंच लिही.

ताई


ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईंस नमस्कार.

ह्यांना माहीत नव्हतं. मी शपथ घेऊन लिहिते. बांधाचं बोलणं मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं होतं. सेनापती म्हणत होता, गावाला कळवलं तर शत्रूलाही कळेल आणि रणगाडे खोऱ्यात उतरणारच नाहीत. मला फक्त तुम्ही दिसलात. मी खोटं लिहिलं. तुम्हाला दारात बघून हे जेवढे चकित झाले, ते खरं होतं.

वस्तीतल्या सगळ्यांना कसं कळवता आलं असतं मला? चार ओळी एकालाच लिहिता येतात. मी तुम्हाला लिहिल्या. त्याची लाज वाटावी असं तुम्हाला वाटतं, आणि मला वाटतेही, पण पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच लिहीन. हे खोटं बोलून तुमच्याशी गोड होण्यात अर्थ नाही.

लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. हे घरी आले आणि न्हाणीघराचं दार लावून बसले. शत्रूचं निम्मं सैन्य खोऱ्यात अडकलंय. आता युद्ध आपण जिंकू असं सगळे म्हणतात. पाणी सोडलं नसतं तर आज ह्या शहरात काय झालं असतं, तेही डोळ्यांपुढं आणा. एवढीच विनंती.

तुमचं एक पत्र ह्यांना लिहा. रोज टपाल बघतात. विचारत नाहीत.

धाकटी


ता. ४ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस,

तुझी मधली पत्रं पोचली. उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

युद्ध जिंकलं, ते इथंही कळलं. शाळेवर झेंडा लावला. खाली उतरून बघायला मात्र कोणी तयार नव्हतं. पाणी ओसरलंय. माझ्या दुकानात गुडघाभर चिखल होता, तो मी आणि न्हाव्यानं मिळून काढला. लोक पत्र्याच्या खोल्यांत राहतात. माझ्याशी बोलणं कोणी सोडलेलं नाही, पण मी आले की बोलणं बदलतात. एका बाईनं चष्मा करून घेतला आणि जाताना म्हणाली, "तुम्हाला वेळेवर बोलावणं आलं, बरं झालं हो." टोमणा असता तर बरं झालं असतं. ती मनापासून म्हणाली.

घड्याळजी पुन्हा बसायला लागलाय. डोळ्याला भिंग लावतो आणि तासन्‌तास एकच घड्याळ उघडून बसतो. मी जेवण नेऊन ठेवते. कधी खातो, कधी नाही. परवा पहिल्यांदा स्वतःहून बोलला. म्हणाला, "ताई, मास्तर इथं येतील का? मला त्यांना एक विचारायचंय." मी विचारलं, काय. म्हणाला, "त्यांनाच विचारीन."

मला वाटतं, तो बरा होतोय. माणूस प्रश्न विचारायला लागला की समजावं, जगायला लागलाय.

म्हणून लिहितेय. धाकट्याला इथं पाठव. पुतळ्यांची उद्घाटनं खूप झाली. हार नकोत, मंत्री नकोत, बंदूकवाले नकोत. वरच्या शाळेत येऊन बसावं आणि लोक जे विचारतील त्याला उत्तर द्यावं. लहानपणी त्यानं चोरून साखर खाल्ली की मी एकच शिक्षा करायची, समोर उभं राहून सांगायचं. मारलं कधी नाही.

सांग त्याला, ताईनं बोलावलंय.

ताई


ता. २१ ऑक्टोबर

ती. ताईंस नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांच्यापुढं ठेवलं. दोनदा वाचलं आणि लगेच म्हणाले, "जायचं." पोलीसप्रमुख हातापाया पडला. त्याचं म्हणणं, देशात कुठंही जा, पण त्या गावात नको. हे म्हणाले, "मग युद्ध जिंकून आपण काय मिळवलं? एका गावात मला जाता येत नाही?" शेवटी तडजोड झाली. पहारेकरी स्टेशनवर थांबतील, शाळेपर्यंत हे एकटे चालत येतील.

मला येऊ देत नाहीत. म्हणतात, हे माझं आणि ताईचं आहे.

ताई, मला भीती वाटते. तुमच्याशिवाय कोणाला लिहू? हे फार वाळलेत. कोट खांद्यावरून घसरतो. रात्री झोपेत नद्यांची नावं घेतात, वर्गात घोकून घ्यायचे तशी. तुमच्याजवळ जेवतील, तेवढं बघा. आणि नजरेआड होऊ देऊ नका.

धाकटी


ता. २४ नोव्हेंबर

ताई,

तुम्ही आला नाहीत.

तोफगाडीमागून मी एकटी चालले. माझ्या एका बाजूला सेनापती होता आणि दुसऱ्या बाजूला परदेशचा कोणी राजदूत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं मूल गेल्यासारखी रडत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, म्हणून वर्तमानपत्रांनी मला खंबीर म्हटलंय.

प्रत्येक वर्तमानपत्रात ह्यांचे शेवटचे शब्द वेगळे. एकात म्हणे "देश सांभाळा" म्हणाले. दुसऱ्यात मारेकऱ्याला क्षमा केली. तिसऱ्यानं तर सात ओळींचा संदेश छापलाय. दोन गोळ्या लागलेला माणूस सात ओळी बोलतो का?

तुम्ही तिथं होतात. तुम्हीच बोलावलं होतं. नजरेआड होऊ देऊ नका, असं मी लिहिलं होतं. ह्यापुढं मी तुम्हाला कधी काही विचारणार नाही, पण त्या दुपारी काय झालं ते मला सगळं सांगा. माझी दया येऊन काही गाळू नका.

धाकटी


ता. ६ डिसेंबर

चि. धाकटीस,

'सौ.' लिहायला हात सवयीनं पुढं गेला आणि तिथंच थांबला. पत्र आठवडाभर तसंच पडलं होतं.

मी आले नाही, कारण गोळी घालणाऱ्याला जेवण वाढणारी बाई मीच होते. त्या तोफगाडीमागं कुठल्या तोंडानं चालणार?

धाकटा स्टेशनवरून चालत आला. रस्त्यात लोक बाजूला उभे होते. कोणी नमस्कार केला नाही, कोणी शिवी दिली नाही. शाळेत मास्तरांची खुर्ची ठेवली होती, ती सोडून तो मुलांच्या बाकावर बसला. गुडघे छातीला लागत होते. मी म्हटलं, आधी दोन घास खा. म्हणाला, "नंतर, ताई."

न्हाव्यानं पहिलं विचारलं, "भोंगा का नाही वाजवला?"

धाकटा म्हणाला, "भोंगा शत्रूलाही ऐकू गेला असता."

"म्हणजे आम्ही मरणार हे धरूनच चालला होतात?"

"हो."

तो म्हणाला, "सेनापतींनी सल्ला दिला, पण सही माझी आहे. तुम्हाला वाचवायचं की शहराला, असं माझ्यासमोर आलं, आणि मी शहर निवडलं. मी माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायचं ओझं तुमच्यावर पडेल." एका म्हातारीनं विचारलं, तिचा मुलगा सापडलाच नाही, त्याचं काय करायचं. धाकटा उठून तिच्याजवळ, माझ्या शेजारच्याच बाकावर, जाऊन बसला. मला वाटलं, बरं केलं याला बोलावलं. खरंच तसं वाटलं, धाकटे. वर्गातला ताण सैल व्हायला लागला होता.

मग घड्याळजी उभा राहिला. अंगात त्याचा कामाचा कोट होता.

"मास्तर, त्या आठवड्यात ताईंना गावाबाहेर कोणी बोलावलं?"

माझ्या ओठांवर आलं होतं, "माझ्या भावजयीनं. याला काही ठाऊक नव्हतं." तू तसं शपथेवर लिहिलं होतंस. मी उठले. धाकट्यानं माझ्याकडे बघितलं आणि हातानंच बस म्हणून खुणावलं. म्हणाला, "मी बोलावलं."

"माझ्या बायकोनं त्यांची पेटी स्टेशनपर्यंत नेली," घड्याळजी म्हणाला. आवाज चढवला नाही.

"ते मला माहीत नव्हतं. आता कळलं."

घड्याळजीनं खिशात हात घातला. मला वाटलं, डोळे पुसायला रुमाल काढतोय. चिखलात शत्रूच्या शिपायांची कितीतरी पिस्तुलं सापडायची. त्यानं एक घासूनपुसून चालू केलं होतं. मी त्याला जेवण नेऊन ठेवायची तेव्हा त्याच्यासमोर उघडं पडलेलं असायचं ते नेहमी घड्याळच असायचं असं नाही, हे आता सुचतंय.

दोन गोळ्या. दुसरी लागायच्या आधीच धाकटा माझ्या अंगावर पडला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तुला शेवटचे शब्द हवेत ना? "घरी" एवढंच म्हणाला. पुढं काहीतरी होतं, ते आलं नाही. देशाचं नाव घेतलं नाही. क्षमा केली नाही. डोळे मीच मिटले.

माणसं घड्याळजीवर तुटून पडली. ज्यांची घरं बुडाली, तीच माणसं. न्हावी मध्ये पडला म्हणून तो वाचला. वाचला म्हणजे, फाशीपर्यंत.

आता मी विचारते. तू शपथेवर लिहिलंस की त्याला माहीत नव्हतं. तो चाळीस माणसांसमोर म्हणाला की मीच बोलावलं. दोघांपैकी खोटं कोण?

ताई


ता. १८ डिसेंबर

ती. ताईंस नमस्कार.

"घरी" ठेवून घेतलं. ते मी कोणाला देणार नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बोलावलं मी, आणि ह्यांना खरंच माहीत नव्हतं. माझी शपथ खरी आहे. पण ह्यांनी तुमच्या गावाला निघायच्या आदल्या दिवशी मला एक सांगितलं. मी बॅग भरत होते, हे पलंगाच्या कडेला बसले होते.

बांध फोडायच्या हुकुमाचा कागद कितीतरी दिवस नकाशाखाली पडून होता. सेनापती रोज यायचा, ओरडायचा. हे म्हणायचे, "उद्या." मी दाराआडून ऐकायची. मला वाटायचं, ह्यांना गावातल्या माणसांची कीव येतेय. मनातून थोडा अभिमानही वाटायचा.

म्हणाले, "तसं नव्हतं गं. मी ताईसाठी थांबलो होतो. तिला बोलवायचं धाडस नव्हतं आणि तिला बुडवायचंही नव्हतं. मग एका संध्याकाळी ती आपल्याच घरात उभी दिसली. माझी छाती मोकळी झाली. पोटभर जेवलो आणि जाऊन सही केली. ती तिथंच असती तर मी सही केली असती का, ते मला आजही सांगता येत नाही. त्या लोकांना हे सांगायला हवं."

ते हेच सांगायला आले होते, ताई. तुम्ही समोर बसलेल्या दिसलात म्हणून सांगितलं नसेल. सगळ्या गावानं तुमच्याकडे वळून बघितलं असतं. म्हणून दोन शब्दांत उरकलं. बोलावलं मी, पण वाट हे बघत होते.

मला वर्षभर वाटत होतं की मी तुम्हाला वाचवलं. मी ह्यांचा हात मोकळा केला. मी ते खोटं पत्र लिहिलं नसतं तर घड्याळजीच्या मुली असत्या कदाचित. आणि हे शहर नसतं कदाचित. मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि कुठंच पोचत नाही.

घड्याळजीच्या शिक्षेबद्दल नव्या राष्ट्रपतींनी माझं मत विचारलं होतं. मी लिहिलं, फाशी देऊ नये. त्यांनी आभार मानले आणि कळवलं की देशाच्या भावना तीव्र आहेत.

धाकटी


ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

काल सकाळी घड्याळजीला फाशी दिलं. देह ताब्यात घेताना त्याचं माणूस म्हणून सही करायला मीच गेले. दुसरं कोणी नव्हतं. तिघींच्या शेजारी जागा मिळाली.

आठवड्यापूर्वी मी तुरुंगात त्याला भेटले. तुझं पत्र वाचल्यापासून ठरवता येत नव्हतं की त्याला सांगावं की नाही. मग वाटलं, धाकटा जे सांगायला आला होता ते सांगायचं राहून गेलं, ते माझ्याच्यानं नको राहायला. मधे जाळी होती. मी सगळं सांगितलं. कागद नकाशाखाली पडला होता, धाकटा माझ्यासाठी थांबला होता, मी दिसले आणि त्यानं सही केली.

तुला माहीत आहे, तो बोलायला कंजूषच. त्यानं विचारलं, "म्हणजे तुमची गाडी चुकली असती तर?"

मी म्हटलं, "कदाचित."

"तिनं पेटी उचलायला नको होती," तो म्हणाला. मग पहारेकऱ्यानं वेळ संपल्याचं सांगितलं. मी चूक केली की बरोबर, ते मला कळत नाही. न सांगता तो शांतपणे गेला असता. पण खोट्यावर शांत ठेवलेली माणसं मी एकदा पाहिलीत.

इथं चौकात धाकट्याचा पुतळा बसवायचा म्हणून सरकारी माणसं जागा मोजून गेली. न्हाव्यानं त्यांना चहा पाजला. कोणीच बोलत नाही. बसवतील.

तुला त्या मोठ्या घरातून महिनाअखेर निघायचंय असं वाचलं. तू इकडे ये. शाळेमागं माझी खोली आहे, दुसरी खाट मी आणलीय. गाव तुला जवळ करणार नाही, हाकलणारही नाही. मलाही तसंच ठेवलंय. तू केलंस ते मी माफ केलेलं नाही, आणि मी धाकट्याला बोलावलं ते तू माफ केलंस का, हे मी कधी विचारणार नाही. दोघींनी आपापलं घेऊन एका खोलीत राहायचं.

इथं जो तो माझ्याशी मास्तरांविषयी बोलतो. धाकट्याविषयी बोलायला मला तुझ्याशिवाय कोणी राहिलेलं नाही.

तुझी,
ताई